आधी भंडारा, मग घाम

पत्र : सांगलीत माझा मुलींचा नाचाचा छोटा क्लास आहे. पौषातल्या एका जत्रेत आमच्या आठ मुलींनी खंडोबाच्या गाण्यावर नाच केला. शेवटी स्टेजवर भंडारा उधळला गेला, तो सगळा चोळ्यांवर बसला. पाच चोळ्या काळ्या मखमलीच्या आहेत : आरीकाम, काचमणी, सोनेरी कटदाणा (बारीक कापीव मणी), गळ्याला क्रीम सॅटिनचा गोट, आत लाल सुती अस्तर. तीन चोळ्या क्रीम जाळीच्या, टिकल्या लावलेल्या, गळ्यावर खडे चिकटवलेले. घामाचा वास असा की पिशवी उघडवत नाही. एक मखमली चोळी मी साबणाच्या पावडरीत भिजवली, तर मखमल चपटी झाली आणि गोट गुलाबी झाला. लाँड्रीवाला हात लावायला तयार नाही. शेजारच्या वहिनी म्हणतात, पेट्रोलने पुसा. २६ जानेवारीला पुन्हा कार्यक्रम आहे, बारा दिवस उरलेत. काय करू?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

ताई, बारा दिवस पुष्कळ झाले. सात चोळ्या नीट निघतील. आठवीचं शेवटी बघू. तोवर एवढं करा की उरलेल्या सातांना पाणी लावू नका. वास घालवायचा म्हणून आधी काही फवारूही नका. तुमच्या चोळ्यांवर भंडारा आहे, आणि भंडारा असताना केलेली प्रत्येक ओली गोष्ट उलटते.

हळदीला चुना लागला की कुंकू होतं, हे आपल्याकडे लहान मुलीलाही माहीत असतं. साबणाची पावडर चुन्यासारखीच क्षारधर्मी, म्हणून हळदीच्या डागावर साबण पडला की तो लालभडक होतो. वासावर सगळ्यात चांगलं काम करतं ते स्पिरिट, म्हणजे औषधांच्या दुकानातलं अल्कोहोल. पण हळदीचा रंग पाण्यात फारसा विरघळत नाही आणि स्पिरिटमध्ये झकास विरघळतो. कोरड्या भंडाऱ्यावर स्पिरिट फवारलं, तर वर बसलेली पूड रंग होऊन थेट अस्तरापर्यंत उतरते. म्हणून क्रम ठरलेला : आधी भंडारा, मग तुटके धागे, मग गळ्याचा मेकअप, सगळ्यात शेवटी घाम.

भंडारा कोरडाच काढायचा. पलंगावर पांढरी चादर अंथरा, चोळी मण्यांची बाजू खाली करून तिच्यावर दोन हातांनी अधांतरी धरा आणि दुसऱ्या कोणालातरी पाठीमागून, म्हणजे अस्तराच्या बाजूने, लाटण्याच्या टोकाने हलकं टपटप करायला सांगा. पूड खाली पडते. मण्यांच्या बाजूने झटकलं तर ती आणखी खोल जाते, म्हणून बाजू महत्त्वाची. दहा मिनिटं हे झालं की मेकअपचा मऊ, कोरा ब्रश घेऊन मण्यांच्या रांगांच्या दिशेने पूड काढा, रांगांना आडवं घासू नका. घरी व्हॅक्युम क्लीनर असेल तर तोंडाला जुना नायलॉनचा मोजा रबरबँडने घट्ट बांधून सगळ्यात कमी ओढीवर फिरवा. सुटलेला मणी मोज्यावर अडकतो, पिशवीत जात नाही. ओलं फडकं या टप्प्यात कुठेच नको.

एवढं करून क्रीम जाळीवर पिवळी झाक राहीलच. तिला ऊन हे औषध. हळदीचा रंग उन्हात तुटतो. डागाचा भाग तेवढा उघडा ठेवून बाकी चोळी जाड गडद कापडाने झाका आणि सकाळचं ऊन दोन-तीन तास असं दोन-तीन दिवस द्या. जानेवारीतलं ऊन याला उत्तम, कोरडं आणि फार तापट नाही. मखमलीला मात्र एका वेळी तासाभरापेक्षा जास्त नको, काळा रंग विटतो. सांगलीकरांना हळदीची पारख कोणी शिकवायला नको, पण जत्रेत विकत मिळणारा भंडारा दर वेळी निव्वळ हळदीचा असतोच असं नाही. दुसरा पिवळा रंग मिसळलेला असेल, तर उन्हाने तो हलणार नाही. अशा वेळी क्रीम चोळीच्या त्या जागी दोन-चार टिकल्या जास्त टाकणं हाच शहाणपणा. चुकून कुठे साबण लागून डाग लाल झालाच, तर घाबरू नका. वाटीभर पाण्यात चमचाभर पांढरं व्हिनेगर घालून कापसाने टिपलं की तो पुन्हा पिवळा होतो, मग ऊन. सोनेरी जरीकाम आहे तिथे मात्र हे पाणी पोचू देऊ नका, धातू काळा-हिरवा पडतो.

आता धागे. हा टप्पा बहुतेक जण गाळतात आणि मग बादलीच्या तळाशी मणी वेचत बसतात. आरीकाम म्हणजे साखळीटाका. तो मागून एका सलग दोऱ्याने चालतो, सुईने एकेक मणी शिवल्यासारखा नसतो. त्यामुळे दोरा एका ठिकाणी तुटला आणि शेवटाकडचं टोक ओढलं गेलं, की गोणीच्या शिलाईसारखी सगळी रांग सर्रकन उसवते. प्रत्येक चोळी उजेडात धरा, मण्यांवरून तळहात अलगद फिरवा. जिथे मणी डुलतो किंवा दोऱ्याचं टोक बोचतं, तिथे खडूची खूण करा. लोंबणारं टोक कधीही कापू नका आणि ओढूही नका. बारीक सुईने मागच्या बाजूला न्या, शेजारच्या टाक्यात दोन गाठी मारा आणि गाठीवर टाचणीच्या टोकाएवढा फॅब्रिक ग्लू लावा. तुटलेल्या रांगेची दोन्ही टोकं अशी बांधली की उसवणं थांबतं.

गेलेले मणी पुन्हा लावताना दुहेरी पॉलिस्टर दोरा आणि मण्यांची बारीक सुई घ्या, चार-पाच मण्यांनंतर मागे गाठ मारा. नुसता सुती दोरा घामाने कुजतो. नळीमणी असतील तर प्रत्येक नळीच्या दोन्ही टोकांना एकेक बारीक गोल मणी ओवा. काचेच्या नळीची कड धारदार असते, नाचताना ती दोरा करवतीसारखी कापते. गोल मणी मध्ये आला की दोऱ्याला कड लागत नाही. सुटलेले खडे फेविक्विकने चिकटवायचा मोह होतो, तो आवरा. ते वाळून काचेसारखं कडक होतं, आजूबाजूला पांढरी बुरशी आल्यासारखी झाक धरतं, आणि सुती कापडावर जास्त पडलं तर चटका बसण्याइतकं तापतं. खड्यांना कापडाचा लवचीक ग्लू, आणि वाळायला पूर्ण एक दिवस.

गळ्याला फाउंडेशन आणि केसांचं तेल लागलेलं असणार. त्यावर रात्रभर कॉर्नफ्लोअर दाबून ठेवा, सकाळी ब्रशने झटका. उरलेल्या डागासाठी कपभर पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एकच थेंब, त्यात इअरबड बुडवून, पिळून, डागाच्या कडेकडून मध्याकडे टिपत या. मध्यातून बाहेर गेलात तर डाग पसरून कडा उमटतात. नंतर साध्या पाण्याच्या इअरबडने दोनदा टिपा. क्रीम सॅटिनच्या गोटाला हळद लागलेली असेल तर हे काम ऊन देऊन झाल्यावरच करा. या लिक्विडनेही हळद लाल होऊ शकते.

आता घाम, म्हणजे तुमचा मूळ प्रश्न. मण्यांची चोळी धुवायची नसते, तिचं अस्तर साफ करायचं असतं. काचेला, टिकलीला, कटदाण्याला घाम शोषता येत नाही. वास सगळा काखेत, पाठीच्या मधोमध आणि कमरेच्या पट्टीत, अस्तरात मुरलेला असतो. तेवढ्या चार वीतभर जागांसाठी पूर्ण चोळी बादलीत घालणं म्हणजे उंदरासाठी घर जाळणं.

सुरुवातीला तीन चाचण्या करा, प्रत्येक जातीच्या एकेका चोळीवर. पहिली रंगाची : लाल अस्तराच्या आतल्या शिवणीवर पांढरं ओलं फडकं तीन मिनिटं दाबून धरा, मग दुसऱ्या जागी स्पिरिटमध्ये भिजवलेलं. पाण्याला न सुटणारा रंग कधीकधी स्पिरिटला सुटतो, म्हणून दोन्ही हव्यात. दुसरी मण्यांची : आत दुमडीत लपलेला एक सोनेरी मणी ओल्या इअरबडने मिनिटभर चोळा. सोनं इअरबडवर आलं तर तो वरून मुलामा दिलेला मणी आहे, त्याला कसलाच ओलावा नको. तिसरी टिकलीची : एक टिकली काढून वाटीत स्पिरिटमध्ये दहा मिनिटं ठेवा. ती चिकट, वाकडी किंवा फिकी झाली तर त्या चोळीवर फवारा फक्त आतून, तोही मागे जाड टॉवेल धरून. नेलपॉलिश रिमूव्हर मात्र चाचणीलाही आणू नका, काही जातीच्या टिकल्या त्यात चक्क वितळतात.

तुमच्या लाल अस्तराचा रंग पाण्यात सुटतो, हे गोटाने दाखवलंच आहे. मिठाच्या पाण्यात भिजवून रंग पक्का करायचा सल्ला कोणी ना कोणी देईल. पक्क्या न रंगवलेल्या कापडाचा रंग घरच्या मिठाने बसत नाही, आणि मीठ कटदाण्याच्या सोनेरी मुलाम्याला खातं. ते राहू द्या.

फवारा असा करायचा. औषधांच्या दुकानातून ७० टक्क्यांचं साधं, रंगहीन आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा. निळं किंवा सुवासिक हँडरब नको, त्यात रंग आणि त्वचेसाठीचा तेलकटपणा असतो, त्याचे डाग पडतात. १०० मिली अल्कोहोलमध्ये ७५ मिली पाणी घाला, म्हणजे साधारण ४० टक्क्यांचं मिश्रण होतं. परदेशी नाटकांच्या कपडेपटात याच कामाला व्होडका फवारतात, तिचीही ताकद तेवढीच. आपल्याला मेडिकलचं स्वस्त पडेल आणि घरात प्रश्नही येणार नाहीत. पाणी बोअरचं नको. कृष्णाकाठच्या पट्ट्यात बोअरच्या पाण्याला क्षार चांगलाच असतो, तो वाळला की काळ्या मखमलीवर पांढऱ्या कडा दिसतात आणि काचमण्यांची चमक जाते. आरओचं पाणी चालेल, नाहीतर बॅटरीत घालायचं पाणी आणा, ते क्षार काढलेलंच असतं.

चोळी उलटी करा. बाहीत आणि काखेत घडी केलेला पांढरा पंचा भरा, म्हणजे ओल मण्यांकडे न जाता पंचात जाईल. वीतभर अंतरावरून अस्तर दमट होईल इतपतच फवारा, ठिबकू देऊ नका. दोन मिनिटांनी दुसऱ्या कोरड्या फडक्याने दाबून टिपा, आणि पंख्याखाली दोन तास ठेवा. वास फार मुरलेला असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. घामाचा वास घामाचा नसतो, त्यावर वाढणाऱ्या जिवाणूंचा असतो. अल्कोहोल त्यांतले बरेच मारतं आणि उडून जातं, म्हणून कापड भिजत नाही आणि वास झाकला न जाता जातो. अत्तर किंवा डिओ मारलेली चोळी स्टेजवर अंग तापलं की दोन्ही वास देते. हे काम करताना गॅस, उदबत्ती, निरांजन जवळ नको आणि खिडकी उघडी ठेवा.

अल्कोहोल घामातलं मीठ मात्र काढत नाही. काखेत अस्तर कडक आणि पिवळट झालं असेल तर तिथे मीठ आणि डिओतली ॲल्युमिनियमची क्षारं साचली आहेत. त्यासाठी चाचणीत रंग न सुटलेल्या अस्तरावर, आणि तिथे जरीकाम नसेल तरच, एक लिटर पाण्यात १५ मिली पांढरं व्हिनेगर घालून, स्पंज घट्ट पिळून टिपा, मग साध्या पाण्याच्या स्पंजने दोनदा. तुमच्या पाच मखमली चोळ्यांना हे जमणार नाही. त्यांचं काखेतलं अस्तर हातभर उसवून पांढऱ्या, आधी धुऊन आटवलेल्या मलमलीचा तुकडा लावून घ्या. शिंप्याचं एका चोळीचं काम अर्ध्या तासाचं आहे आणि कटकट कायमची मिटते.

तीन जाळीच्या चोळ्या, हळदीचे डाग गेले आणि रंगाच्या चाचण्या पार पडल्या तर, एकदा पाण्यात घालता येतील. पॉलिस्टरची जाळी, शिवलेल्या टिकल्या आणि पॉलिस्टरचंच अस्तर हे थंड पाणी सोसतं. चोळी उलटी करून जाळीच्या पिशवीत घाला. आठ लिटर थंड पाण्यात दोन चहाचे चमचे ईझीसारखं सौम्य लिक्विड, हाताने ढवळून मगच चोळी आत. तीन ते चार मिनिटं वर-खाली दाबायचं, चोळायचं नाही, भिजत ठेवून फोन घ्यायला जायचं नाही. दोन पाण्यांतून काढा, शेवटचं आरओचं. उचलताना दोन्ही तळहात खाली घालून उचला. खांद्याला धरून उचललं तर ओल्या टिकल्यांचं सगळं वजन जाळीवर येतं आणि गळा लांबतो. पिळू नका. कोरड्या टॉवेलवर पसरा, टॉवेलसकट वळकटी करा, दाबा, दुसऱ्या टॉवेलवर आडवी ठेवून पंख्याखाली सावलीत वाळवा. एक पूर्ण दिवस लागतो, मधे एकदा उलटायची. दोरीवर किंवा हँगरवर नाही, हे मुद्दाम सांगतो कारण सगळं नीट करून चोळी इथेच बिघडते. रिठ्याचं पाणी रेशमाला चांगलं, पण क्रीम जाळीला त्याचा तपकिरी रंग धरतो, म्हणून इथे ते नको.

इस्त्री टिकल्यांवर कधीच नाही, गरम वाफही नाही. प्लास्टिकची टिकली ऊब लागली की वाटीसारखी वळते आणि पुन्हा सरळ होत नाही. बिनटिकलीच्या बाहीला उलट्या बाजूने, मधे सुती कापड ठेवून, कमीत कमी तापमानावर चालेल.

पेट्रोलचं उत्तर साफ नाही. घामातलं मीठ पेट्रोलमध्ये विरघळतच नाही, खड्यांचा ग्लू मात्र विरघळतो, आणि बंद खोलीत त्याच्या वाफेला फ्रिजच्या बटणाची ठिणगीही पुरते. लाँड्रीवाल्यावर रागावू नका. ड्रायक्लीनच्या द्रावणात काही प्लास्टिकचे मोती मऊ होतात, टिकल्यांचा वरचा थर निघतो, खडे गळतात. कोणता मणी काच आणि कोणता प्लास्टिक हे त्याला काउंटरवर कसं कळणार?

२६ तारखेसाठी एक गोष्ट मात्र आत्ताच करून ठेवा. जुन्या सुती साडीचे किंवा मलमलीचे लंबगोल तुकडे कापा, साधारण १५ सेंटिमीटर लांब आणि १२ रुंद, दोन पदरी, कडेने शिवलेले. काखेत चार टिचबटणांनी लावा. एका चोळीला दोन जोड्या. कार्यक्रम झाला की ते काढून रोजच्या कपड्यांत धुवायचे, चोळीला घाम लागतच नाही. मेकअपवर गळ्यापर्यंत पावडर लावून झाल्यावरच चोळी घालायची, आणि डिओ लावला तर दहा मिनिटं वाळू द्यायचा. परत आल्यावर चोळ्या त्याच रात्री प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेर, उलट्या करून पंख्याखाली. वास बसतो तो त्या रात्रीतच.

ठेवताना प्रत्येक चोळी मलमलीत, मण्यांवर मणी येणार नाहीत अशी मधे कापड घालून, घडी न करता सैल गुंडाळी करून आडवी ठेवा. डांबरगोळ्या नकोत, प्लास्टिकच्या टिकल्या त्यांनी चिकट होतात. सुकलेला कडुलिंबाचा पाला पुरचुंडीत बांधून ठेवा, आणि पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलच्या दोन-चार पुड्या. श्रावणात एखाद्या कोरड्या दिवशी बाहेर काढून हवा द्यायची.

आता ती भिजवलेली चोळी. मखमल चपटी झाली असेल तर बाथरूममध्ये गरम पाण्याचा नळ दहा मिनिटं सोडून वाफ करा, चोळी जाळीच्या चाळणीवर किंवा रॅकवर आडवी ठेवा, आणि दमट असतानाच मणी नसलेल्या जागी मऊ ब्रशने उलट्या दिशेने लव उभी करा. दोनदा केल्यावर बरीच उठते. पूर्ण उठली नाही तर ती चोळी मागच्या रांगेतल्या मुलीला द्या, स्टेजच्या दिव्यात कळत नाही. कटदाण्यावर पांढरट थर राहिलाय का तेवढं बघून घ्या, राहिला असेल तर साबण नीट निघालेला नाही. ती रांग आरओच्या पाण्याच्या इअरबडने टिपून पंख्याखाली वाळवा. गुलाबी गोटाला ब्लीच लावू नका, शेजारचं जरीकाम काळं पडेल. गोट सरळ उसवा आणि नवा लावा. अर्धा मीटर क्रीम सॅटिन तिरकं कापलं की गळ्याला पुरून उरतं, आणि उरलेल्या चार चोळ्यांचा गोट विटल्यावर तेच वापरता येईल, म्हणून एक मीटरच घ्या.